पुरंधीच्या सूक्तातली कोरी जागा

सोमवार, ४

आले बाई एकदाची! तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीशी टेबल, गादी माझ्या घरच्यापेक्षा जाड. काम माझ्या हातचं आहे. मालकीणबाईंचे यजमान संस्कृतचे प्राध्यापक. ते गेले, त्यांनी जुन्या पोथीवरून वह्यांत टिपलेली सूक्तं सुवाच्य उतरवायची. सगळी एकाच देवीची, पुरंधीची. लक्ष्मीला सगळं जग ओळखतं, हिला कुणी विचारत नाही. जुन्या सूक्तांत मात्र भरभरून देणारी म्हणून हिलाच हाका. बाईंची अट एकच: पोथीला कसर लागून जिथे शब्द गेलाय, ती जागा कोरीच ठेवायची. पदरचा शब्द घालायचा नाही. वीस वर्षं नकला करतेय, मला कसलं शिकवता, असं मी म्हटलं. मनातल्या मनात.

बुधवार, ६

दुपारी चहा देताना बाईंनी मुलंबाळं विचारली. एक मुलगी होती, नऊ वर्षांची, तापाने गेली, म्हणून सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मग एक ओळ धड उतरेना. दोन वर्षं झाली, मेलं रडू काही आवरत नाही.

शुक्रवार, ८

शेवटचं सूक्त. पुरंधीकडे भरपूर काहीतरी मागितलंय. काय, ते कसरीने खाल्लंय. गाई असतील, धान्य असेल. मी पेन्सिलीने ‘कन्या’ लिहिलं. नक्कल करणाऱ्याने करू नये ते केलं. पण जिवाला बरं वाटलं.

शनिवार, ९

सकाळी दाराशी छकुली उभी! तोच अर्धा तुटलेला दात. अंगात ताप नाही. पोटभर रडलो दोघी. मला वेड लागलं असेल तर खुशाल लागू दे.

रविवार, १०

दोघी आहेत. दोघींचा दात तुटलेला. दोघी म्हणतात, मीच ती.

सोमवार, ११

अकरा — नाही, जिन्यावर अजून — सगळ्यांना भूक लागलीय. पहिली कुठली, मला ओळखता येईना. पोटच्या पोरीला!

बाईंना वही दाखवली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, यजमानांनीही त्या जागी ‘पुत्र’ लिहिलं होतं, मग स्वतःच पुसलं. पुसलं की सगळे जातात. पहिलाही. त्यानंतर यजमान महिनाभरही जगले नाहीत.

मंगळवार, १२

जिना भरलाय. खालच्या चेंगरतायत — आई आई करून — देवा, किती देशील! खोडरबर हातात आहे. हात उचलवत नाही.

अर्धा शब्द पुसला. आवाज थांबला. एकच उरलीय, दारात. हीच ती. माझीच. रडत नाहीये. जवळ येऊन म्हणते, पुस गं आई, मागच्या वेळी, तापात जातानासुद्धा मला फार दुखलं नव्ह—