राहिलेला नमस्कार

सीवूड्स,
१९ जानेवारी १९९७

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तिळाच्या वड्या मिळाल्या. निशांतने अर्धा डबा एका बैठकीत फस्त केला आणि खापर माझ्यावर फोडले.

आई, घाबरू नकोस. दोन महिने मी वाशीच्या एका डॉक्टरबाईंकडे जातेय. मन खचलेले असते, एका जागी बसवत नाही. बेलापूरच्या ऑफिसात लिफ्टमध्ये जीव गुदमरतो म्हणून पाच मजले चढते. घरी बाथरूमची कडीसुद्धा लावत नाही. बाई गोळ्या देतात आणि दर गुरुवारी तासभर लहानपणाबद्दल बोलायला लावतात.

शेजारच्या राहीबाईंची विचारपूस कर. लोभ असावा.
तुझी गीतांजली

संगमेश्वर,
२७ जानेवारी १९९७

चि. सौ. गीतांजलीस,
अनेक उ. आ.

वेड्यांच्या डॉक्टरकडे जायला तुला झाले काय? नोकरी आहे, फ्लॅट आहे, निशांतरावांसारखा नवरा आहे. सासरी कळले तर? हे खूळ सोड.

आणि काकांना नमस्कार लिहायचा राहिला! नेहमीसारखे पत्र त्यांना वाचून दाखवले, डॉक्टरचे तेवढे गाळले. ते शेवटपर्यंत थांबले आणि उठून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तुझे बाबा गेल्यावर त्यांनीच आपल्याला सांभाळले. पुढच्या पत्रात आठवणीने लिही.

तुझी आई

सीवूड्स,
३ फेब्रुवारी १९९७

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नमस्कार राहिला नाही. मी लिहिला नाही. त्यासाठी चार कागद फाडले.

पाढे चुकले की काका मला भाताच्या कोठीत कोंडायचे. आठ वर्षांची होते मी. अंगावरून उंदीर जायचे. डॉक्टरबाईंना हे सांगितले, पण एक गोष्ट सांगवली नाही. दाराखालच्या फटीतून मला तुझे पाय दिसायचे. आई, तू कडी का काढली नाहीस?

डॉक्टर मी सोडणार नाही. एवढ्याचे उत्तर दे, मला दुसरे काही सुचत नाही.

गीतांजली

संगमेश्वर,
१२ फेब्रुवारी १९९७

चि. गीतांजलीस,
अनेक उ. आ.

तुझे पत्र काकांसमोर वाचले. या वेळी काही गाळले नाही. ते मध्येच उठले, मी वाचत राहिले.

मी तिथेच होते गं. कडी हाताशी होती. त्यांनी घराबाहेर काढले तर तुला घेऊन कुठे जाऊ, याची भीती वाटायची. तू हाका मारायचीस आणि मी तांदूळ निवडत बसायचे. माझे चुकले.

काल हिरामण सुताराकडून कोठीची कडी उपटून घेतली. रविवारच्या एस.टी.ने येते. गुरुवारी मलाही बाईंकडे ने, तुला सांगवत नाही ते मी सांगेन.

निशांतरावांना आशीर्वाद. या घरातून दुसऱ्या कोणाचा आशीर्वाद कळवत नाही.

माझ्यावर लोभ ठेवशील ना?
तुझी आई