आत्याच्या मुठीतला जोर

१८ जानेवारी
रबाळ्याची नोकरी सोडली. कारण आता आठवत नाही, पण तेव्हा चांगलं वाटलं होतं! मुक्काम नेरूळ — सरस्वतीआत्याकडे. तिला हल्ली पाण्याची बाटलीसुद्धा उघडत नाही. म्हणून तिच्या मुलाने, बंगळूरच्या अभिरामदादाने, मला इथे ठेवलंय. शिवाय तिचं नाव एका डॉक्टरीणबाईंच्या अभ्यासात घातलंय. रोज अमिनो आम्लांची पुडी पाण्यात कालवून द्यायची. त्यातून म्हणे शरीर स्वतःच अँटिऑक्सिडंट बनवतं आणि म्हातारपण जरा दमाने येतं. दादा फोनवर — "एप्रिलमध्ये तपासणी. आईच्या हातात जोर आला की तू मोकळा."
मोकळा म्हणजे रस्त्यावर.

२ फेब्रुवारी
पुडी चाखली. आधी गोड, मागून नासक्या अंड्याचा वास! आत्या नाक दाबून पिते, वर मलाच — "तू पी, बंड्या. सोफ्यावरून उठायला जोर लागतो." खालच्या इशरतभाभी म्हणाल्या, "पुडी कशाला? बोकडाच्या पायाच्या सुपात हेच असतंय!" आत्या शाकाहारी. मी नाही. वाडगाभर पिऊन आलो. येताना खालच्या मैदानात क्रिकेट चालू होतं, थांबलो. पुडी द्यायची राहिली — आत्याने स्वतःच घेतली होती.

७ मार्च
लक्षणं वाईट. आत्या जिना न थांबता चढते. वर जाऊन माझी वाट बघत उभी — "काय रे, म्हातारा झालास?"

२२ मार्च
पुडीऐवजी पिठीसाखर दिली तर? पुडी बेसिनपर्यंत नेली. परत आणून कालवली. स्वतःचाच राग आला — काम नीट करायची सवय मला कधी लागली?

१२ एप्रिल
तपासणी. डॉक्टरीणबाई खूश — रक्तातले अँटिऑक्सिडंट चांगलेच वाढलेत. गेलो मी! मग पकड मोजायचं यंत्र आत्याच्या हातात दिलं. "दाबा, आजी." काटा जागचा हलेना. "अजून दाबा." आत्या नुसतीच "आई गं!" बाई चक्रावल्या. रक्तात एवढी सुधारणा आणि मुठीत काहीच नाही?
"वय झालं हो आता," आत्या.
दादा फोनवर वैतागला — "म्हणजे काही उपयोग नाही. तू राहा अजून." मी पडेल आवाजात हो म्हणालो. बिचारं विज्ञान!

१३ एप्रिल
सकाळी स्वयंपाकघरात खरखर. आत्या भरलेला सिलिंडर एकटी सरकवत होती. मला बघून थांबली. कमरेवर हात.
"बघतोस काय? जा, भाजी आण. आणि अभिरामला बोललास तर याद राख — एकटीला जेवण जात नाही मला."