पाच नंबरच्या इंजिनाची पाटी आणि पुंजाजी भाऊजींची सही

पहिली आली ती शेजारची सारिका. कोणाच्याही दारात पांढरी गाडी थांबली की तिला वाटतं सोयरीक आली. पाहुणे गाडीतून उतरून तिच्या मागून आले. चष्म्याची एक पोरगी, नाव आरोही, आणि एक उंच साहेब, ते चौकटीला डोकं आपटून आत आले. कशाला आले ते पुढं सांगते, कारण वकील म्हणाले की आधी स्वतःबद्दल लिहायचं असतं.

मी सुभद्राबाई निवृत्ती जुमडे, वय ब्याऐंशी, राहणार खामगाव, जुन्या जिनिंगच्या मागं, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. अक्कल ठिकाणावर आहे. कोणी धमकावलं नाही की गोड बोलून बसवलं नाही. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत. शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा काना-मात्रा चुकली तर कोर्टानं सांभाळून घ्यावं.

एक. राहतं घर मुलगा महादेव याला. मागच्या खोलीचं छत गळतं हे त्याला चार वर्षं सांगते आहे. आता छत त्याचंच, आता सांगणार नाही.

दोन. पोस्टातली ठेव आणि बोरमाळ नात समीक्षा हिला. बोरमाळ मोडून मोबाइल घेऊ नये.

तीन. आता पाटी. हे कलम लांब आहे.

जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी मोठ्या स्टेशनापर्यंत ओढायला इथं एक खासगी रेल्वे कंपनी होती. नाव बी सी टी, इंजिनं पाच. माझे यजमान निवृत्ती पाच नंबरवर फायरमन, भट्टीत कोळसा टाकायचे. मी डबा घेऊन जायचे. इंजिनाच्या अंगावर पितळेची पाटी होती, तिच्यावर उठावाची अक्षरं. ते जेवता जेवता काडीनं दाखवत, "हे बी. हे सी. हे टी. अन् हा पाचाचा आकडा." माझी तिसरी-चौथी त्या पाटीवर झाली.

मग कंपनीनं नाव बदललं. हुकूम आला, जुन्या पाट्या काढा आणि वितळवायला पाठवा. पेंटरनं नवं नाव रंगवलं, ते दोन पावसाळ्यांत गेलं. पाट्या काढून ओट्यावर रचल्या त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. माझी शाळाच उचलून नेत होते म्हणा ना. येताना माझी टोपली जड होती. तेव्हाच्या साहेबांनी मोजल्या तर पाचाच्या चार भरल्या.

आळ यजमानांवर आला. पुरावा नव्हता म्हणून नोकरी राहिली, पण ड्रायव्हर व्हायची पाळी त्यांची होती, ती गेली. ती मिळाली धाकटे चुलत दीर पुंजाजी यांना. भाऊजींनी यजमानांचं नाव पाडलं 'पितळ्या'. भर पंगतीत म्हणायचे, "पितळ्याले वाढा बे, पण ताट मोजून घेजा."

कोर्टापुढं लिहून देते की पाटी मी नेली. निवृत्ती जुमडे यांनी नेली नाही.

मी तिचा पोळपाट केला. पाठ गुळगुळीत होती. अक्षरं खाली करून ओल्या फडक्यावर ठेवली की हलायची नाही. एकदा मी तापानं पडले तेव्हा यजमान भांडी घासायला बसले. पोळपाट उलटा केला असणार, कारण घासण्याचा आवाज थांबला. मग त्यांनी तो पुसून जागेवर ठेवला, अक्षरं खाली, आणि म्हणाले, "पोळपाट जड आहे तुहा. पायावर पाडशीन." त्यानंतर मरेपर्यंत त्यावर शब्द नाही. भाऊजी पितळ्या म्हणत राहिले, हे ऐकत राहिले.

तर पाहुणे. कंपनी आता तिसरं नाव घेते आहे. नाव इंग्रजी आहे, उच्चारून पाहिलं तर शिंक आल्यासारखं होतं. आणि नव्या नावाबरोबर आपण किती जुने तेही दाखवायचं आहे, म्हणून ज्या पाट्या वितळवल्या त्याच आता शोधत फिरतात. पाच नंबरचं इंजिन यार्डात बाभळीखाली उभं आहे, ते पुढच्या महिन्यात भंगारात जाणार होतं. पाहुण्यांनी चौकात पाटीचं विचारलं, तर भाऊजी हसून म्हणाले, "पितळ्याच्या घरी पाहा." ते खरंच आले.

मी पोळ्याच करत होते. लाटलेली पोळी तव्यावर टाकली, पोळपाट धुतला आणि उलटा करून आरोहीपुढं ठेवला. ती खाली बसली. सारिका म्हणाली, "याच्यावरच्या पोळ्या तं म्याई खाल्ल्या न काकू."

साहेबांनी किंमत विचारली. मी म्हटलं, "इकत नाही. दोन अटी आहेत. इंजिन कापाचं नाही, मुंबईले न्याचं नाही, इथंच स्टेशनच्या वाटेवर ठेवाचं. अन् त्याच्यावर मराठीत लिहाचं, ड्रायव्हर निवृत्ती तुळशीराम जुमडे."

आरोही म्हणाली, "पण आजी, ते फायरमन होते ना?"

"तुमच्या कंपनीनं दोनदा नाव बदललं, त्यायचं एकदा बदला."

साहेबांनी बाहेर जाऊन फोन केला, आत येताना परत डोकं आपटलं, आणि दोन्ही अटी सही-शिक्क्यानिशी लिहून दिल्या. तो कागद सोबत जोडला आहे.

म्हणून पाटी बसायच्या आत माझं काही झालं तर ती पाच नंबरच्या इंजिनाला द्यावी. इंजिनाला वारस करता येत नाही असं वकील म्हणतात, तर समीक्षाच्या नावानं असू द्या, पण राहील इंजिनावर. कंपनीनं चौथं नाव घेतलं आणि पाटी काढली, तर समीक्षानं ती घरी आणून तिच्यावर पोळ्या लाटाव्यात.

चार. पुंजाजी भाऊजींना काय ठेवावं याचा फार विचार केला. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तेव्हा मी भाऊजींना साक्षीदार केलं.

काल समीक्षानं हा कच्चा कागद त्यांना वाचून दाखवला. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं वाचला. गल्लीनंही ऐकला. भाऊजींनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "वहिनी, सही कुठं करू?"

मी म्हटलं, "ड्रायव्हर निवृत्तीच्या खाली."

"हाव," म्हणाले.

लिहून देणार: सुभद्राबाई निवृत्ती जुमडे (सही केली आहे, अंगठा नाही)

साक्षीदार:
१. पुंजाजी किसन जुमडे, माजी ड्रायव्हर
२. सारिका गजानन तायडे, शेजारी

ठिकाण: खामगाव, जिल्हा बुलढाणा
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५

पाटी बसवायला पाहुणे दसऱ्याला, सकाळी दहा वाजता येतो म्हणून गेले आहेत. पहिला स्क्रू मी आवळीन. मी नसले तर भाऊजींनी आवळावा, पण ते दहाच्या आधी तिथं हजर पाहिजेत. दसरा यंदा दोन ऑक्टोबरला, गुरुवारी आहे.