डागणीचा प्रश्न

प्रिय अक्का,

नणंदेला, तेही गेलेल्या, कुणी पत्र लिहितं का? पण काल तुमच्या भावानं माझा हात पिरगाळला. आता तुमच्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

जालन्याच्या एक डॉक्टरीणबाई आपल्या कुंभार पिंपळगावात अभ्यास करणार आहेत. टीव्हीपुढं वाढणारी लेकरं उशिरा बोलतात का, आणि बोलेनात तर घरचे काय करतात, हे घरोघर विचारायचं. तुमची बालवाडी आता मी चालवते, म्हणून मलाही सोबत घेतलंय. पैसा जुन्या जालन्यातले एक बियाणेवाले शेठ देणार. किती खूश होते मी!

शेठजींनी प्रश्न ऐकले; लेकरू बोलेना म्हणून त्याला तापल्या लोखंडानं डागता का, हाही त्यात होता. म्हणाले, "टीव्हीचं बराबर हाय. पण हे डागण्याचं बिलकुल काढा. गावाची बदनामी व्हईल. मंग मी पैसा देणार न्हाई."

काढा म्हणे! समोरचा तांब्या त्यांच्या टाळक्यात घालावासा वाटला. गेल्याच महिन्यात बालवाडीतल्या एका पोरीच्या पोटावर मी ताजे डाग पाहिलेत, अक्का.

आपला गणू आठवतो ना? गावात नवीन केबल आली होती. आम्ही कापूस वेचायला गेलो की सासूबाई त्याला दिवसभर टीव्हीपुढं बसवायच्या. हिंदी शिकेल, साहेब होईल, म्हणायच्या. तीन वर्षांचा झाला तरी पोरगं 'आई' म्हणेना. जाहिरातींच्या चाली तेवढ्या गुणगुणायचा.

पोटावर डाग दिला की जीभ सुटते, असं कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलं. ह्यांनी विळा चुलीत लाल केला. सासूबाईंनी गणूचे पाय दाबून धरले. मी धावले तर छातीत लाथ बसली. पहिल्या डागाला लेकरू असं किंचाळलं की ते अजून माझ्या कानांत घुमतं.

दुसऱ्या डागाआधी तुम्ही आलात आणि तो लाल विळा उघड्या हातानं धरलात! "मला डाग, भाड्या! लेकराला सोड!" कातडी जळाल्याचा वास घरभर पसरला. दुसऱ्या हातानं तुम्ही वरवंटा उचललात आणि टीव्हीच्या काचेत घातलात.

पण दवाखान्यात का गेला नाहीत हो? हळद लावून काय बसलात? आठवड्याभरात धनुर्वातानं तुमचा जबडा आवळला, अंग कमानीसारखं वाकलं, चौघांना धरवेना. ह्यांनी डॉक्टरांना सांगितलं, हात चुलीवर भाजला, त्यातच गंजका खिळा लागला. गावाला अजून तेच माहीत आहे. तुमच्या तेराव्याला लाडू वाढतानाही हे पंगतीला त्या खिळ्याचीच गोष्ट सांगत होते! मला त्यांची चीड येते, आणि थोडी तुमचीही.

शेठजींना मी खरं सांगणार म्हटल्यावर काल हे म्हणाले, "अक्काचं नाव काढलंस तर जित्ती ठिवणार न्हाई." आणि हात पिरगाळला. गणू दारात उभा होता. आता तो सातवीत आहे. ह्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आईनं कशाला? कुणी डागलं ते मीच सांगतो."

उद्या शेठजींसोबत बैठक आहे. हेही येणार आहेत. पैसा मिळो न मिळो, तो प्रश्न राहील आणि पहिलं घर आपलं असेल. माझा शब्द आहे अक्का, गणू बोलत असेपर्यंत ह्यांचा हात त्याच्यापर्यंत मी पोचू देणार नाही.

तुमची भावजय,
सुमन