टकोरा

१२ मार्च
टकोरा पडला आणि हात वर केला. सगळ्यांच्या आधी. नगरसेवक म्हणून पहिलीच मीटिंग, एकही चूक नाही. शेजारी पक्षातले जुने सभासद बसतात. बोलण्याआधी खोकतात, म्हणून खोकलेकाका. म्हणाले, विषय ऐकत डोकं कशाला शिणवता? मी खांद्यावर टकोरा मारीन, तेव्हा हात वर करायचा.
मला हे नवीन नाही. जन्मापासून दिसत नाही आणि आयुष्यभर टकोऱ्यावर पोहलो. भिंत जवळ आली की ही, म्हणजे बायको, काठावरून लांब काठीने डोक्यावर हलकेच मारायची. काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू. एकदाही चुकली नाही. मेडल्स मात्र माझ्या पोहण्याची.
संकल्प: क्रीडा कमिटीचं अध्यक्षपद.

१९ मार्च
हिला नवी व्यवस्था सांगितली. म्हणाली, मी भिंत दिसली की मारायचे, त्यांना काय दिसलं की मारतात?
मत्सर. इतक्या वर्षांची मक्तेदारी गेली. समजून घेतलं पाहिजे.
संकल्प: हिला वेळ देणे.

२ एप्रिल
वेळ झाला नाही.
ही आता पालिकेच्या तलावावर चार मुलींना पोहायला शिकवते. त्यांनाही दिसत नाही. धाकटी भिंतीला घाबरते. ही तिला म्हणते, काठी माझ्या हातात आहे तोवर भिंत नाहीच असं समज. वाक्य चांगलं आहे. भाषणात वापरलं. टाळ्या पडल्या. हिचं नाव घ्यायचं राहिलं. पुढच्या वेळी.

१७ एप्रिल
आज टकोरेच टकोरे. खांदा भरून आला. शेवटी पक्षाच्या साहेबांनी स्वतः पाठ थोपटली. म्हणाले, तुमचा हात वर गेला आणि कुणी हूं की चूं केलं नाही.
कशाबद्दल, ते विचारायचं राहून गेलं.

१८ एप्रिल
हिने पेपर वाचून दाखवला. तलाव बुजवून पार्किंग. ठराव एकमताने मंजूर. म्हणाली, फोटो आहे. तुमचा हात सगळ्यांत उंच. हसताय.
मग भांडी घासायला गेली. मी म्हटलं, टकोरा पडला गं. नळ चालू होता. ऐकू गेलं नसेल.
खोकलेकाकांना फोन केला. म्हणाले, विषय मोठ्याने वाचला होता की! वाचला असेल. मी टकोऱ्याची वाट बघत होतो.
संकल्प: ठराव फिरवणे. सोपं आहे. साहेबांचा माझ्यावर जीव आहे.

२४ एप्रिल
साहेब मीटिंगमध्ये.

२५ एप्रिल
साहेब बाहेरगावी. आतून त्यांच्यासारखाच आवाज आला. भाऊ असेल.

२९ एप्रिल
साहेब भेटले! क्रीडा कमिटीचा अध्यक्ष झालो. तलावाचं बघू म्हणाले. म्हणजे होच.
पेढे घेऊन सांगायला घरी आलो तर ही बॅग भरत होती. दुसऱ्या गावी तलाव आहे, खोली मिळाली आहे, इथला बुजवायला घेतला की मुलींना तिथे नेणार. परत कधी, विचारलं. म्हणाली, ठराव फिरला की कळवा.
टोमणा नसावा.

५ मे, संध्याकाळ
उद्यापासून तलाव बुजवणार. शेवटचं पोहायला गेलो. हिला निरोप ठेवला होता. येणार याची खात्री होती, आणि आली. काठावर रबरी चपला वाजल्या. काठी फरशीवर टेकली. मी बोललो नाही. पाण्यात उतरताना आम्ही कधीच बोलत नसू.
पूर्ण वेगाने गेलो. पूर्वीसारखा. हात पुढे धरून चाचपडलो नाही.
डोक्याला टाके पडले. टकोरा पडायचा तिथेच.
चपला वॉचमनच्या होत्या. काठी गाळ काढायची. बिचारा रडकुंडीला आला. म्हणाला, तुम्ही इतक्या जोरात गेलात, वाटलं भिंत तुम्हाला ठाऊक असेल.
घरी हिने पट्टीवर बोट ठेवलं. हलकेच. मग उचललं.

६ मे, सकाळ
ही पहिल्या बसने मुलींना घेऊन गेली. दाराआडची जागा चाचपून पाहिली. काठी नेली आहे.