पहिलवानाची कात

प्रिय चिमणे,

तुझा पहिलवान सुखरूप आहे, हे आधी सांगते. मधे आम्हाला वाटलं, आटोपलं. त्याने खाणं सोडलं आणि एका सकाळी काचेच्या पेटीत आठही पाय वर करून उताणा पडला. कोळी पाळणं म्हणजे थेरं, असं म्हणणाऱ्या तुझ्या बाबांनी मुकाट्याने बाल्कनीतली रिकामी कुंडी उकरायला घेतली. मी म्हटलं, अहो थांबा, हलतोय तो! दुपारी पाहते तर पेटीत दोन टॅरँट्युला. एक नवाकोरा, केसाळ. दुसरी नुसती कात. बाबा हातातली खुरपी लपवत उभे.

तू भांडून गेलीस तेव्हा त्यांनी काय ठणकावलं होतं, आठवतं ना? घड्याळांचं दुकान नको, परक्या शहरातली नोकरी हवी, तर जा. कोळी आहे तोवर तुझी खोली राहील, तो मेला की तिथे दुकानाचा पसारा येईल. विकणाऱ्याने तो नर असल्याचं सांगितलं होतं, आणि नर वयात आला की फार टिकत नाही. मी त्याला जिवापाड जपते ती काही भूतदया नव्हे.

तर परवा बाबा ती कात दुकानात घेऊन गेले. मादी असली तर पोटाच्या कातडीला आतून इवलीशी पिशवी असते म्हणे. साबणाच्या पाण्यात भिजवली, चिमट्याने उलगडली, डोळ्याला भिंग लावून बसले. गिऱ्हाईक ताटकळलं. कात आणि भिंग घेऊन घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, मादी आहे गं. वीस वर्षं जगेल. आता काय करणार, राहू दे ती खोली. आणि कपाळाला आठ्या घालून तिथे नवा बल्ब लावायला स्टूल घेऊन गेले.

काल ते आंघोळीला गेले तेव्हा मी भिंग लावून ती कात पाहिली. त्यांच्या शेजारी बसून बसून बारीक बघायला मीही शिकलेय. पिशवीबिशवी काही नाही. केसाएवढी स्प्रिंग ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यांना हे कळलं नसेल होय? भिंग पुसून जागेवर ठेवलं.

म्हणून लिहिते आहे. पहिलवानाचे दिवस थोडे उरलेत. ते संपायच्या आत ये. बाबा तुलाही कात दाखवतील, तेव्हा नीट निरखून बघ आणि म्हण, मादीच आहे.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली
आई