लक्ष्मीबाईंचं माप

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर, ११ एप्रिल २०२५

चि. महांतेश यास अप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून चकित होशील. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर बोललेलं तू उद्या कुणाकुणाला ऐकवशील, याचा मला भरवसा उरलेला नाही.

काल कांडपावर मिरची कुटायला आलेल्या बायकांनी तुझा व्हिडिओ दाखवला. नांदेडच्या घरी ओट्याजवळ उभा राहून तू 'अप्पांचं गुपित' म्हणून काळ्या तिखटाचं माप घडाघडा सांगतोस. दगडफूल किती, कारळं किती, आधी काय भाजायचं, सगळं. हातातल्या विकायच्या पाकिटावर माझा फोटो. बघून तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ते माझं माप नव्हेच. रेणापूरला खानावळ चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंचं आहे ते, त्यांच्या सासूपासून चालत आलेलं. त्या मला सांगायच्या तेव्हा तू सुटीत दुकानात बसलेला असायचास.

बेचाळीस वर्षं कांडप चालवतो आहे. प्रत्येक घराचं माप वेगळं, आणि प्रत्येक बाई ते विश्वासानं माझ्यासमोर बोलते. एका जावेचं दुसरीला कधी सांगितलं नाही. विहीणबाईंनी खोदून विचारलं तेव्हाही चहा पाजून विषय बदलला. मिरची काय, कुणीही कुटतं. आपला धंदा चालतो तो या पोटात ठेवण्यावर. व्हिडिओ आजच्या आज काढ.

तुझ्या आईचाही आशीर्वाद. तीही रागावली आहे, फक्त लिहीत नाही. माया आहेच, पण सध्या तिला ठसका लागलाय.

अप्पा

नांदेड, १६ एप्रिल २०२५

ती. अप्पांस महांतेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्याबरोबर व्हिडिओ काढला. पण खरं सांगतो, लोकांनी तो आपापल्या पानावर केव्हाच चढवलाय. आता तो माझ्या हातात राहिलेला नाही.

ते माप कानावर इतक्यांदा पडलं होतं की मला ते आपल्याच घरचं वाटलं. चूक माझी. पण जरा माझंही ऐका. नुसतं तिखट आज कुणी घेत नाही, त्यामागचा माणूस बघायचा असतो. तुमच्या सुनेनं, दामिनीनं, आणि मी सहा महिने नुसते पाकिटाचे फोटो टाकले. तिच्या मावश्या सोडल्या तर कुणी ढुंकून बघितलं नाही. तुमचा चेहरा लावला, गुपित म्हटलं, तर चार लाख लोकांनी पाहिलं. किनवटपासून पुण्यापर्यंत मागणी आली. तुमचं नाव मोठं करायला निघालो होतो, अप्पा, बुडवायला नाही. तुमच्या कांडपाच्या पाटीवरची अक्षरं तर इतकी पुसटलीत की आता मलाही लागत नाहीत, हे आपलं गमतीनं.

लक्ष्मीबाईंची माफी मागतो. चूक सगळ्यांसमोर झाली, माफीही सगळ्यांसमोरच मागीन. दामिनीचा तुम्हा दोघांना नमस्कार. रागातसुद्धा आशीर्वाद चालू ठेवावा.

आपला,
महांतेश

लातूर, २५ एप्रिल २०२५

चि. महांतेश यास आशीर्वाद. वि. वि.

तुझी माफी बघितली. मागं बासरी वाजत होती. लक्ष्मीबाईंचं नाव, गाव, खानावळीचा फोटो आणि तुझे भरून आलेले डोळे, काही म्हणून बाकी ठेवलं नाहीस. पहिल्या व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी पाहिली म्हणे. अभिनंदन करू का?

आतापर्यंत माप कुणाचं हे तरी कुणाला ठाऊक नव्हतं. आता पोरं मोटरसायकलवर रेणापूरला जातात, जेवत नाहीत, चुलीपुढं फोन धरतात आणि त्या बाईला विचारतात की तुम्ही माफ केलं का. समोरच्या हॉटेलवाल्यानं 'व्हिडिओतला तोच रस्सा' अशी पाटी लावली आहे. आधी तिला दुखवलंस आणि मग तिच्या दुखण्याची जाहिरात केलीस. माफी मागायची तर एस.टी.त बसायचं होतं, तिच्या दारात चप्पल काढायची होती.

मंगळवारी त्या कांडपावर आल्या. भांडतील असं वाटलं, आणि भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मसाल्याचं गाठोडं सोडलंच नाही. म्हणाल्या की, अप्पा, तुमी जरा भाईर बसा, माझं मी टाकते. मी माझ्याच दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. त्यांच्यामागून आलेल्या दोघींनीही तेच सांगितलं. मिरचीनं माझ्या डोळ्यांत पाणी येणं कधीच बंद झालं होतं. त्या दिवशी आलं.

पाकिटावरचं माझं नाव आणि फोटो काढ. तुझ्या ब्रँडचं काय व्हायचं ते होवो. आशीर्वाद तुझ्याकडे राहू दे, नाव परत घेतो आहे.

अप्पा

नांदेड, ४ मे २०२५

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

नाव आणि फोटो काढला. मागणी जवळजवळ थांबली. शेवटी दामिनीनंच मला रेणापूरच्या वाटेला लावलं. फोन तिच्याकडे ठेवून गेलो.

लक्ष्मीबाईंनी ओळखलं, बस म्हणाल्या. मी माफीचं बोलायला लागलो तर म्हणाल्या की, मागितलीस म्हनून ऐकलंय, मी तवा चुलीपाशी व्हते. मग ताट वाढलं. तुमच्याबद्दल म्हणाल्या की, अप्पांवर राग न्हाई, पर आता कुनाम्होरं बोलाया जीभ उचलत न्हाई. तुम्हाला हे गोड करून लिहिता आलं असतं, पण लिहीत नाही.

रस्सा बदललाय, अप्पा. सासूचं माप त्यांनी मोडलं, माझ्यामुळं. जुनी गिऱ्हाइकं चव गेली म्हणत होती आणि त्या वाढत होत्या. मापातून काय काढलंय आणि त्या जागी काय घातलंय, ते मला दुसऱ्या घासाला कळलं. मला कळलंय हे त्यांनाही कळलं, हातातला डाव तसाच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घालून जेवलो.

दामिनीला ते सांगितलेलं नाही. तुम्हालाही लिहीत नाही.

मागायला तोंड नाही, तरी आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
महांतेश